किनाऱ्यावरच्या सुट्टीत गोल्फ कुठं खेळावं? बेळगाव परिसरातल्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात गोल्फ म्हटलं की न खेळणाऱ्यांना २०२२ च्या ऑगस्टमधला बिबट्या आठवतो. गोल्फ मैदानाच्या झाडीत तो दिसल्यावर आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद होत्या आणि शोधायला हत्तीसुद्धा आणले होते. खेळणाऱ्यांमध्ये मात्र दिवाळी जवळ आली की दुसरीच चर्चा सुरू होते. यंदा समुद्राकडे जायचं तर गोल्फची बॅग सोबत घ्यायची का, आणि घेतली तर खेळायचं कुठं? टिळकवाडी-कॅम्पापासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंतच्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथं दिली आहेत.

सुट्टी चारच दिवसांची आहे. कोर्स निवडायला सुरुवात कुठून करू?

सोबत कोण येतंय, इथून. कोर्सचं नाव, फोटो, तिथं कोणती स्पर्धा झाली होती, हे सगळं नंतर. चौघे मित्र निघाला असाल तर अख्खा दिवस कोर्सवर काढता येतो. बायको-मुलं, आई-बाबा सोबत असतील तर सकाळचे चार-पाच तासच तुमचे. दुपारच्या जेवणाला तुम्ही सगळ्यांबरोबर असायलाच हवं. म्हणून पहिली चाळणी अंतराची लावा. मुक्कामापासून अर्ध्या तासाच्या आत कोर्सवर पोचता येतं का ते बघा. जायला तास आणि यायला तास लागला की चार तासांच्या फेरीचे सहा तास होतात, आणि घरच्यांचा दिवस तुमची वाट बघण्यात जातो.

दुसरी गोष्ट मी आग्रहानं सांगतो. दोन दिवस खेळणार असाल तर दोन कोर्स घेऊ नका, एकाच कोर्सवर दोनदा खेळा. पहिल्या दिवशी आपण कोर्स नुसता बघत असतो. आपला ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) कुठल्या बंकरपर्यंत, म्हणजे वाळूच्या खड्ड्यापर्यंत पोचतो, कुठल्या ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या) मागं उतार आहे, कुठल्या होलवर वारा आडवा येतो, हे कळेपर्यंत फेरी संपते. दुसऱ्या सकाळी त्याच टीवर, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिथं, उभं राहिलं की हातात कुठली स्टिक घ्यायची हे आधीच ठरलेलं असतं, आणि खेळाचा आनंद तिथं सुरू होतो. तीन दिवसांत तीन कोर्स उरकले तर एकाशीही ओळख होत नाही. नव्या कोर्सचा मोह मला कळतो, तरी सल्ला हाच आहे.

बेळगावात माझा सात नंबरचा आयर्न (मधल्या पल्ल्याची स्टिक) १५० यार्ड जातो. समुद्राकाठी तेवढाच जाईल का?

थोडा कमी जाईल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे. इथली हवा थोडी विरळ असल्यानं चेंडूला अडथळा कमी होतो. तोच फटका समुद्राच्या पातळीवर सुमारे तीन टक्के आखूड पडतो, म्हणजे १५० यार्डांत चार-पाच यार्ड. हिवाळ्यात यातला काही भाग भरून निघतो, कारण बेळगावची पहाट गार असते आणि गोव्याची उबदार. उबदार हवेत चेंडू जरा पुढं जातो. तरीही पहिल्या दिवशी दोन स्टिकांमध्ये मन अडलं तर मोठी घ्या.

दमट हवा जड असते, त्यात चेंडू अडकतो, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. दमटपणाचा त्रास होतो तो खेळणाऱ्याला. घामानं ग्रिप निसटते, बाराव्या होलपर्यंत पाय जड होतात. दोन-तीन ग्लोव्ह आलटून पालटून वापरा, एक कोरडा टॉवेल बॅगेच्या आतल्या कप्प्यात वेगळा ठेवा.

यापेक्षा मोठा फरक जमिनीचा. आपली तांबडी माती फेब्रुवारी-मार्चनंतर कडक होते. चेंडू पडला की पळतो, आणि ती पळण आपण नकळत हिशेबात धरलेली असते. किनाऱ्यावर खाली वाळू असते. पाणी चटकन मुरतं, गवत आखूड आणि विरळ असतं, चेंडू जवळजवळ वाळूवरच बसतो. अशा ठिकाणी स्टिक चेंडूच्या मागं अर्धा इंच जरी लागली तरी वाळूत रुतते आणि चेंडू दहा पावलांवर जाऊन थांबतो. ग्रीनच्या कडेला असाल तर वेज (चेंडू उंच उडवणारी स्टिक) बाजूला ठेवा आणि पुटरनंच (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या स्टिकनं) ढकला. दिसायला साधं दिसतं, पण वाळूच्या जमिनीवर तोच शहाणपणाचा फटका.

गोव्यात नेमकं खेळायचं कुठं? आम्हाला सगळ्यात जवळ तेच.

बेळगावकराला दोन ठिकाणं सुचवतो, दोन्ही दक्षिण गोव्यातली आणि दोन्ही रिसॉर्टच्या आवारातली.

पहिलं काणकोणचं. राजबाग किनाऱ्यावर, तळपण नदी समुद्राला मिळते त्या बाजूला ललित रिसॉर्टचा कोर्स आहे. होल नऊ, पण प्रत्येकाला दोन-दोन टी. तेच होल दुसऱ्या फेरीत वेगळ्या टीवरून खेळून अठरा पुरे करता येतात. किनाऱ्यालगतचा, लिंक्स (समुद्रकाठच्या वाळूच्या माळावरच्या) पद्धतीचा, उघडा कोर्स आहे, म्हणजे वाऱ्यापासून आडोसा फारसा नाही. गोव्यात ड्रायव्हर (सगळ्यात लांब पल्ल्याची स्टिक) हातात घेऊन पूर्ण लांबीचा खेळ खेळायचा असेल तर मी इथंच पाठवीन.

दुसरं कावेलोसीजवळ मोबोरला, साळ नदी आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीवर. पूर्वीचं लीला, आता सेंट रेजिस. इथला कोर्स बारा होलचा आणि सगळे होल पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत पुरे व्हावेत असे. ड्रायव्हरचं इथं काम नाही. आयर्न, वेज आणि पुटर यांची परीक्षा होते, आणि नवशिक्या जोडीदाराला किंवा मुलांना बरोबर घेऊन खेळायला यापेक्षा सोयीचं काही नाही.

जाण्याच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेतच. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरलात तर साखळीकडं, म्हणजे उत्तर गोव्याकडं पोचता. हे दोन्ही कोर्स दक्षिणेला असल्यानं खानापूर-लोंढा-रामनगर-अनमोड करून मोलेला उतरणं आणि तिथून मडगावकडं वळणं सोपं पडतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस अनमोड घाटाची अवस्था विचारूनच निघा. गाडी चालवायची नसेल तर गोवा एक्सप्रेस बेळगावहून मडगावला नेते, आणि पुढं कोकण रेल्वेवर काणकोण स्टेशन आहे.

मालवण-वेंगुर्ल्याची सुट्टी ठरवलेल्यांनी गोल्फचा आग्रह सोडावा, किंवा शेवटचे दोन दिवस काणकोणला हलवावेत. सावंतवाडीकडून रोज उठून दक्षिण गोव्यापर्यंत जाणं-येणं सुट्टीत परवडत नाही.

नऊ होलचा कोर्स म्हणजे अर्धवटच की?

नाही. वर सांगितलेला एकच कोर्स दोनदा खेळण्याचा फायदा इथं एकाच सकाळी मिळतो. पहिल्या नऊमध्ये जे शिकलात ते दुसऱ्या नऊमध्ये लगेच वापरता येतं. नऊ होलवर थांबलात तर दोन-सव्वादोन तासांत मोकळे, आणि घरची मंडळी नाश्ता आटपून पाण्यात उतरेपर्यंत तुम्हीही तिथं हजर. सुट्टीत नऊ होल खेळून मन भरत नाही अशी तक्रार मी फारशी ऐकलेली नाही. अठरा होल खेळून पाय भरून आल्याची मात्र नेहमीचीच.

कुठल्या महिन्यात जावं?

गोव्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून उकाडा वाढतो, जून ते सप्टेंबर पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. ऑक्टोबरमध्ये गवत हिरवंगार दिसतं पण जमीन ओली असते, चेंडू पडतो तिथंच चिखलात बसतो. ख्रिसमस ते एक जानेवारीचा आठवडा टाळा. खोल्यांचे दर चढलेले असतात, रस्ते भरलेले असतात. मकरसंक्रांतीनंतरचा पंधरवडा मला सगळ्यात चांगला वाटतो. बेळगावातही त्या वेळी गार असतं, त्यामुळं किनाऱ्यावरची ऊब अंगाला बरी वाटते.

टी टाइम कितीचा घ्यावा? उठायचं जिवावर येतं हो सुट्टीत.

तरीही उजाडता उजाडता मिळेल तो पहिला घ्या. कारण ऊन एवढंच नाही, वाराही आहे. रात्रभरात जमीन समुद्रापेक्षा जास्त गार होते, त्यामुळं पहाटे जमिनीकडून समुद्राकडं हलका वारा असतो किंवा नसतोच. सूर्य वर आला की जमीन भराभर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत धावते. सात वाजता ग्रीनवरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत असतो. नऊच्या सुमाराला त्याचं टोक हलायला लागतं. अकरापर्यंत तो जमिनीच्या दिशेनं ताठ पसरलेला असतो आणि त्याच्या फडफडण्याचा आवाज पुट मारताना कानावर येतो. ज्या पार तीनवर सकाळी आठ नंबर पुरला, तिथं आता पाच नंबरही अपुरा पडतो.

वाऱ्याविरुद्ध जोर लावू नका. जोरात मारलेल्या चेंडूला फिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि वारा त्याला मागं ढकलतो. एक-दोन स्टिक मोठी घ्या, खाली धरा, पाऊण फटका मारा. हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा आणि वेग तासातासानं दिसतो. आदल्या रात्री स्कोअरकार्डावरचा नकाशा समोर घेऊन कुठले होल समुद्राकडं तोंड करून आहेत हे एकदा बघून ठेवा.

स्कोअरकार्डावर रेटिंग आणि स्लोप लिहिलेलं असतं. त्यावरून कोर्स मला झेपेल का ते कळतं?

बऱ्यापैकी कळतं, आणि आपल्याकडं त्याचा वापर फार कमी होतो याचं मला वाईट वाटतं.

रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपचा, म्हणजे एकही जादा फटका माफ नसलेला खेळाडू त्या टीवरून साधारण किती फटक्यांत फेरी पुरी करील त्याचा आकडा. स्लोप हा ५५ ते १५५ यांमधला आकडा असतो आणि ११३ हा मधला धरतात. मध्यम खेळाडूला तो कोर्स निष्णात खेळाडूच्या तुलनेत किती जास्त जाचक ठरेल हे स्लोप सांगतो. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत चालू आहे. तिच्यात तुमचा हँडिकॅप इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, आणि त्यात रेटिंग वजा पार एवढा फरक मिळवला की त्या कोर्सवरचा तुमचा हँडिकॅप निघतो. समजा इंडेक्स १८ आहे, रेटिंग आणि पार सारखे आहेत आणि स्लोप १३५ आहे. १८ गुणिले १३५ भागिले ११३ म्हणजे साडेएकवीस, म्हणून २२ फटके मिळतात. चार फटके जादा मिळाले म्हणून हरखून जाऊ नका. चार चुका जास्त करायला लावणारा कोर्स आहे असा त्याचा अर्थ.

एकूण लांबीसाठी आणखी एक सोपा ताळा आहे. तुमचा पाच नंबरचा आयर्न जेवढा जातो त्याला ३६ नं गुणा. १५० यार्ड जात असेल तर ५,४०० यार्ड, आणि त्याच्या आसपासच्या लांबीची टी तुमची. सुट्टीत मागच्या टीवर उभं राहण्यात काही मोठेपणा नाही. पुढच्या टीवरून खेळलं तर ग्रीनवर दोन-तीन फटक्यांत पोचता येतं आणि कोर्स ज्यानं आखला त्यानं ठेवलेले निर्णय आपल्यासमोर येतात.

चौघांचे हँडिकॅप चार तऱ्हेचे आहेत. एकत्र मजा कशी येणार?

स्टेबलफर्ड खेळा. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ही गुणपद्धत काढली आणि तिची पहिली स्पर्धा १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात झाली. हँडिकॅपचे फटके वजा करून पार झाला तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. पारपेक्षा दोन किंवा जास्त लागले तर शून्य आणि चेंडू उचलायचा. वाऱ्यात एखाद्या होलवर दहा फटके गेले तरी नुकसान त्या होलापुरतंच राहतं, मागच्यांचा खोळंबाही होत नाही.

तिथल्या ग्रीनवर माझे पुट ओळीतच राहत नाहीत. उतार तर दिसत नाही.

गवताची लव बघा. उष्ण किनाऱ्यांवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडा जातीचं किंवा खारं पाणी सोसणारं पॅस्पॅलम गवत असतं. बर्म्युडाची पाती सरळ उभी न राहता एका बाजूला कलतात. चेंडूच्या मागं उभं राहून पुढं बघा. गवत चकचकीत, फिकं दिसलं तर पाती तुमच्यापासून लांब कललेली आहेत, पुट वेगानं जाईल. गडद, मळकट दिसलं तर पाती तुमच्याकडं वळलेली आहेत, जोर लागेल. अजून शंका असेल तर होलपाशी जाऊन वाका. होलाचा व्यास सव्वाचार इंच असतो. त्याच्या कडेचा एक अर्धा सुरीनं कापल्यासारखा स्वच्छ असतो, तर समोरचा अर्धा झिजलेला, तपकिरी, पात्यांची टोकं निघालेला. गवत त्या झिजलेल्या बाजूकडं कललेलं असतं आणि हळू होत आलेला चेंडू तिकडंच ओढला जातो. संध्याकाळी सरावाच्या ग्रीनवर दहा मिनिटं एवढंच करून बघा.

चेंडू कावळ्यानं किंवा कुत्र्यानं पळवला तर?

दंड नाही. नेमकं तेच घडलं हे नक्की ठाऊक असेल तर मूळ जागी दुसरा चेंडू ठेवून खेळा. झाडीत हरवलेल्या चेंडूचं वेगळं. शोधायला तीन मिनिटंच मिळतात, २०१९ पूर्वी पाच मिळायची.

मी खेळत नाही, आमचे हे खेळतात. माझी आणि सासूबाईंची सुट्टी कोर्सच्या दारात बसून जाणार का?

ताई, म्हणूनच काणकोणसारखं ठिकाण निवडायला सांगा. पाळोळे आणि पाटणे किनारे तिथं हाकेच्या अंतरावर आहेत. पाळोळ्याचं पाणी बऱ्यापैकी शांत असतं, लहान मुलांना कडेला खेळवता येतं. सासूबाईंना देवदर्शन हवं असेल तर श्रीस्थळचा मल्लिकार्जुन आहे, पर्तगाळचा मठ आहे. गालजीबाग आणि आगोंद इथं समुद्री कासवं अंडी घालायला येतात, ती जागा कुंपण घालून राखलेली असते. झाडीत फिरायचं तर खोतीगाव अभयारण्य त्याच तालुक्यात. कारवार तासाभराच्या आत.

आणि घरातल्या खेळाडूला माझा निरोप द्या. दोन सकाळी त्यांच्या, बाकीचे दिवस सगळ्यांचे. हे निघण्याआधी ठरलं पाहिजे. तिथं पोचल्यावर ठरवायला गेलं की कुणाचीच सुट्टी धड होत नाही.

बाबा ६८ वर्षांचे आहेत, रोज चालतात. त्यांना बगी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) लागेल का?

बेळगावच्या हवेत चालणं आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत चालणं यांत फरक आहे. अठरा होल म्हणजे सहज आठ किलोमीटर, काही कोर्सवर त्याहून जास्त. बगी घ्या, पण आलटून पालटून बसा. काही होल चालत गेल्याशिवाय जमिनीचे चढ-उतार पायांना कळत नाहीत. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घरूनच बाटलीत करून न्या, तहान लागायची वाट न बघता दर दोन होलांनी घोटभर प्यायला लावा.

मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला नेलं तर चालेल?

जरूर न्या. आपल्या राज्याच्या बंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ब्राँझ एका फटक्यानं हुकलं. त्या सकाळी आयुष्यात कधी गोल्फ न बघितलेली घरंही टीव्हीसमोर बसली होती. मुलांसाठी पार तीनचे आखूड होल उत्तम, कारण एका चांगल्या फटक्यात ग्रीन गाठता येतं. मुलीच्या उंचीच्या स्टिक भाड्यानं मिळतात का ते आधी विचारा. मोठ्यांच्या स्टिक खाली धरून मारायला लावल्या तर सवय बिघडते.

एकदा परदेशी किनाऱ्यावर खेळायचं आहे. कुठं जावं?

युरोपात जायचं तर पोर्तुगालचा अल्गार्व. उन्हाचा दक्षिण किनारा, फारो विमानतळ मध्यावर, आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडं कोर्सच कोर्स. सर हेन्री कॉटन यांनी आखलेला पेनिनाचा कोर्स १९६६ मध्ये सुरू झाला, तिथूनच या किनाऱ्यावरच्या गोल्फची घडी बसली. पेनिनाची जमीन मुळात भाताची खाचरं होती. जिथं पाणी साचून राहतं तिथं कोर्स करायचा म्हणून कॉटननी पाणी शोषणारी झाडं प्रचंड संख्येनं लावली. खानापूरकडं भाताच्या बांधावरून चाललेल्या माणसाला त्या सपाट, चरांनी कापलेल्या फेअरवेचा (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा) अंदाज लगेच येईल. विलामोराचा जुना कोर्स १९६९ चा, उंच पाइनच्या झाडांमधून जाणारा, सरळ मारणाऱ्याला मानवणारा. वाले दो लोबोच्या रॉयल कोर्सवर सोळाव्या होलला तांबड्या कड्यांवरून चेंडू पलीकडं मारावा लागतो, फोटो सगळे तिथलेच असतात. सान लोरेन्सो मात्र मला त्याहून आवडता, कारण तिथले काही होल रिया फोर्मोझाच्या खाजणाच्या काठानं जातात आणि भरती-ओहोटीबरोबर दृश्य बदलत राहतं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. काही कोर्सवर हँडिकॅपचं प्रमाणपत्र मागतात, ते भारतीय गोल्फ युनियनच्या पद्धतीतून आधीच काढून ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, शेवटच्या महिन्यावर टाकू नका.

थायलंडमध्ये हुआ हिन. तिथला रॉयल हुआ हिन कोर्स १९२४ चा, देशातला सगळ्यात जुना, आणि रेल्वे स्टेशनाला लागूनच. थायलंडमध्ये जवळजवळ सगळीकडं कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) घ्यावाच लागतो, बहुतेक बायका असतात आणि ग्रीन वाचण्यात तरबेज. फुकेतला जायचं तर मे ते ऑक्टोबर पाऊस. हुआ हिन आखाताच्या बाजूला असल्यानं तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जास्त पडतो. जानेवारी-फेब्रुवारी दोन्हीकडं चालतं.

व्हिएतनाममधल्या दा नांगबद्दल एक धोक्याची सूचना. आपल्याकडं दिवाळीनंतर कोरडं असतं म्हणून तिथंही असेल असं धरून लोक नोव्हेंबरचं बुकिंग करतात, आणि तिथला जोराचा पाऊस नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो. फेब्रुवारी ते मे जा. वाळूच्या टेकड्यांवर ग्रेग नॉर्मननी आखलेला कोर्स आणि होई आनच्या बाजूचा होइयाना शोअर्स, दोन्ही समुद्राचा वारा खऱ्या अर्थानं दाखवणारे आहेत.

जवळ आणि थोडक्यात उरकायचं असेल तर मस्कतचा अल मूज. हाही नॉर्मननीच आखलेला, समुद्राला अगदी लागून. उन्हाळा तिथला सोसवत नाही, नोव्हेंबर ते मार्चच.

बॅग न्यावी की तिथं भाड्यानं घ्यावी?

गोव्याला स्वतःच्या गाडीनं जाताना न्याच. घाटातल्या वळणांवर बॅग डिकीत लोळू नये म्हणून चादरीत गुंडाळून आडवी घट्ट बसवा. विमानानं जाताना गोल्फच्या स्टिक केबिनमध्ये नेता येत नाहीत, त्या सामानातच द्याव्या लागतात, आणि प्रत्येक कंपनीचे खेळसाहित्याचे नियम व दर वेगळे. सांब्र्याहून सुटणारी बरीच विमानं लहान असतात, म्हणून बॅग आहे हे तिकीट काढतानाच कळवा. नियमानं चौदा स्टिक नेता येतात, सुट्टीला नऊ-दहा पुरतात. तीन दिवसांपेक्षा कमी खेळणार असाल तर पुटर, वेज आणि बूट तेवढे स्वतःचे न्या आणि बाकी भाड्यानं घ्या. डावखुऱ्यांनी मात्र भाड्याच्या भरवशावर राहू नये.

परतल्यावर स्टिकची पाती आणि शाफ्ट गोड्या पाण्यानं पुसून कोरडे करा. खारी हवा पोलादाला डाग पाडते.

कॅडी घ्यावा का? कोर्सचा नकाशा ॲपवर मिळतो की.

घ्या. ॲप अंतर सांगतं. दुपारी बारानंतर अमुक होलवर वारा नारळांच्या वर वेगळा आणि खाली वेगळा असतो, हे तिथं रोज चालणारा माणूसच सांगू शकतो. पहिल्या टीवर त्याला दोन गोष्टी सांगून टाका, तुमचा ड्राइव्ह साधारण किती जातो आणि चूक झाली तर कुठल्या बाजूला जातो. मग तो सांगेल तिकडं मारा. कॅडीला नावानं हाक मारा, पाणी आणि नाश्ता आपल्याबरोबर द्या, पैसे हातात आणि वेळेवर द्या. दोनदा इंडियन ओपन जिंकलेले एस. एस. पी. चौरसिया हे रॉयल कलकत्ताच्या ग्रीनकीपरचे चिरंजीव, कोर्सवरच वाढलेले. बॅग उचलणाऱ्याला खेळातलं काय कळतं, असं मानणाऱ्यानं हा खेळ खेळूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गोल्फ कोर्स पाणी फार पितात म्हणतात. सुट्टीत त्यांना पैसे द्यावेत का?

प्रश्न रास्त आहे. राकसकोप जलाशयाची पातळी मे महिन्यात रोज पेपरात वाचणाऱ्या बेळगावकरानं तो विचारलाच पाहिजे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि म्हादईचं पाणी कुणाचं यावर गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र कोर्टात आहेत, त्या पट्ट्यातले आपण. म्हणून कोर्स निवडताना पाणी कुठून येतं हे विचारायला संकोच करू नका. सांडपाणी शुद्ध करून वापरत असतील, फेअरवेच्या बाहेरचा भाग कोरडा ठेवत असतील, खारं पाणी सोसणारं गवत लावलं असेल, तर तो कोर्स माझ्या यादीत वर जातो. अल्गार्वमध्ये २०२४ च्या सुरुवातीला दुष्काळामुळं पाणीवापरावर सरकारी बंधनं आली. तेव्हापासून तिथले कोर्स या प्रश्नाचं उत्तर सरळ देतात. तपकिरी झालेला रफ (फेअरवेबाहेरचं वाढू दिलेलं गवत) दिसला तर पैसे वाया गेले असं मानू नका. उन्हाळ्यातली जमीन तशीच दिसायला हवी.

बुकिंग करताना फोनवर काय काय विचारायचं?

रिसॉर्टमध्ये न राहता बाहेरून खेळायला येता येतं का, आणि पाहुण्यांचा व बाहेरच्यांचा दर वेगळा आहे का. बगी आणि कॅडी ग्रीन फीमध्ये धरलेत की वेगळे. आठवड्यातला कुठला दिवस मोकळा असतो. कॉलरचा शर्ट सक्तीचा आहे का, बुटांचे खिळे मऊच लागतात का. किती होल सध्या चालू आहेत. हा शेवटचा प्रश्न चुकवू नका, कारण रिसॉर्टच्या कोर्सवर दुरुस्तीसाठी काही होल बंद ठेवतात आणि आपण विचारल्याशिवाय ते सांगतीलच असं नाही.

आणि ग्रीनवर भोकं पाडून वाळू कधी पसरली, हे विचारा. पावसाळ्यानंतर मुळांना हवा मिळावी म्हणून बऱ्याच ठिकाणी ग्रीनला बारीक भोकं पाडतात आणि वर वाळू टाकतात. गवतासाठी ते गरजेचं आहे, पण पुढचे दोन-तीन आठवडे पुट मारला की चेंडू उड्या मारत जातो. काम नुकतंच झालं असेल तर बुकिंग महिनाभर पुढं ढकला. तारीख बदलता येत नसेल तर निदान दर कमी करून मागा.